टॅप कितीवर आहे, तेवढं तरी सांगा!



रब्बी लागली की आपल्या धामणगाव बढे परिसरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "या हप्त्यात लाईन दिवसाची की रातची?" आणि दुसरं, "लाईन हाये, पण मोटर उचलत नाही." पहिल्या वाक्यावर आपण भरपूर बोलतो. निवेदनं देतो, फोटो काढतो, आमच्यासारखे बातमीदार चार कॉलम लिहितात. दुसऱ्या वाक्यावर मात्र सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं असतं: "लो व्होल्टेज आहे." इथंच विषय संपतो. जसं काही व्होल्टेज म्हणजे थंडी-पाऊस. वरून आलं तेवढं आलं, आपण काय करणार?

मंडळी, व्होल्टेज वरून पडत नाही. ते माणसांनी ठरवलेलं असतं, माणसांनी लावलेल्या यंत्रावर अवलंबून असतं आणि त्याचा हिशेब कुठल्यातरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मांडलेला असतो. त्या हिशेबात एक छोटासा आकडा असतो, त्याचं नाव टॅप. आजची पोस्ट त्या एका आकड्यावर आहे. लांब आहे, पण ज्याने एका हंगामात दोनदा मोटर भरून आणली आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी. मी अभियंता नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस आहे. पण वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका जाणकाराने मला हे कागदावर आकडे मांडून समजावलं, ते मी आपल्या भाषेत मांडतोय.

आधी टॅप म्हणजे काय ते पाहू

ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीकडून जास्त दाबाची वीज येते, दुसरीकडून कमी दाबाची बाहेर जाते. किती कमी होऊन जाणार, हे दोन्हीकडच्या वेढ्यांच्या प्रमाणावर ठरतं. उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर ३३ हजार व्होल्टचे ११ हजार करतो. पुढे वावराजवळची डीपी ११ हजाराचे ४३३ करते आणि तिथून तीन फेज आपल्या स्टार्टरपर्यंत येतात.

आता ३३ हजार म्हणून निघालेली वीज लांबच्या लाईनवरून येताना ३३ हजार राहत नाही. कुठे ३१ होते, कुठे ३०. म्हणून मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या जास्त दाबाच्या गुंडाळीला जागोजागी फाटे काढून ठेवतात. तेच टॅप. किती वेढे वापरायचे हे टॅप बदलून ठरवता येतं. इकडचे वेढे कमी केले की तिकडचं व्होल्टेज वाढतं.

एक उदाहरण घेऊ. समजा ट्रान्सफॉर्मरवर सात टॅप आहेत. तिसऱ्या टॅपवर ३३,००० व्होल्ट लिहिलंय आणि सातव्यावर २९,७००. उपकेंद्रात प्रत्यक्षात ३०,००० व्होल्टच पोचतायत. तिसऱ्या टॅपवर ठेवलं तर बाहेर ११,००० ऐवजी १०,००० व्होल्ट निघतील. सातव्यावर ठेवलं तर साधारण ११,१०० निघतील. तीच लाईन, तोच ट्रान्सफॉर्मर, एक रुपयाचं नवीन सामान नाही. फरक अकराशे व्होल्टचा.

हा फरक फिडरच्या शेपटापर्यंत जातो. ज्याचं वावर उपकेंद्राला लागून आहे त्याला त्याचं फारसं काही वाटणार नाही. लाईनीच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी ज्याची विहीर आहे, त्याच्यासाठी मोटर उचलणं आणि नुसती हूं हूं करणं यातला हा फरक आहे.

मग टॅप वाढवा की! अडचण कुठे?

असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. "साहेब, टॅप वाढवून द्या" ही मागणी निवेदनात लिहिणारेही मी पाहिलेत. पण हा उपाय दुधारी आहे.

तोच सातवा टॅप रात्री तसाच राहिला आणि ओलित संपून लोड उतरला, की ३३ हजाराच्या लाईनवर व्होल्टेज परत चढतं. समजा ३३,५०० झालं. सातव्या टॅपवर बाहेर निघतील जवळपास १२,४०० व्होल्ट. पुढे डीपीतून एका फेजला साधारण २८० व्होल्ट. जवळच्या गावात फ्रीज, टीव्ही, चार्जर, एलईडी यांचं काय होईल ते सांगायला नको. व्होल्टेजला मर्यादा आहे. जुन्या १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून ती चालत आली आणि पुढे राज्य नियामक आयोगाच्या नियमांतही आली: घरगुती दाबावर वर-खाली सहा टक्के, ११ आणि ३३ हजारावर वर सहा टक्के आणि खाली नऊ टक्के. २३० व्होल्ट धरले तर २१६ ते २४४. म्हणजे शेपटाच्या शेतकऱ्याला वाचवायला गेलो आणि उपकेंद्राजवळच्या गावाची उपकरणं जाळली, असं होता कामा नये.

काही मोठ्या ट्रान्सफॉर्मरना वीज चालू असतानाच टॅप बदलण्याची सोय असते. ही सोय आजची नाही. जर्मनीत बर्नहार्ड यान्सेन नावाच्या अभियंत्याने तिचं पेटंट १९२७ मध्ये घेतलं, जवळपास शंभर वर्षं झाली. पण सगळ्या ट्रान्सफॉर्मरना ती नसते. बाकीच्यांचा टॅप बदलायचा तर आधी वीज पूर्ण बंद करावी लागते. गावोगावच्या लहान डीपींना तर बहुतेक टॅपच नसतो. म्हणून "डीपीचा टॅप वाढवा" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. जे काही होणार ते उपकेंद्रात होणार.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. डीपीला किंवा उपकेंद्रातल्या कशालाही स्वतः हात लावायला जाऊ नका. बंद करून बदलायचा टॅप चालू वीजेत फिरवला तर आत ठिणगीचा भडका उडतो, तेल पेटतं. आपल्या भागात वीजेने गेलेली माणसं आपण पाहिली आहेत. त्यात भर नको.

मोटर का जळते?

हे समजून घेतलं की टॅपचं महत्त्व आपोआप कळतं.

दिव्याला व्होल्टेज कमी मिळालं तर तो मंद जळतो, बिचारा गप्प बसतो. मोटर गप्प बसत नाही. तिच्या डोक्यावर पाण्याचं ओझं असतं. व्होल्टेज कमी पडलं की ती तेवढंच काम करायला जास्त ॲम्पिअर ओढते. ४१५ च्या जागी ३३० मिळाले तर करंट साधारण सव्वापट होतो आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. सुरू होतानाचं बळही व्होल्टेजच्या वर्गाने घटतं. ८० टक्के व्होल्टेजला ६४ टक्के बळ. म्हणून ती उचलत नाही, हूं हूं करते, तापते आणि शेवटी वास येतो.

आता हेच पूर्ण फिडरवर लावून पाहा. शेकडो मोटरी जास्त करंट ओढतात, त्याने लाईनवर व्होल्टेज आणखी पडतं, म्हणून मोटरी आणखी करंट ओढतात. हा खड्डा आपणच खोल करत जातो. अशा वेळी वरच्या ट्रान्सफॉर्मरने आपोआप टॅप वाढवला तर खाली थोडं बरं वाटतं, पण वरच्या लाईनवर ओढ आणखी वाढते. वरची लाईन आधीच दमलेली असेल तर सगळंच कोसळू शकतं. जपानमध्ये २३ जुलै १९८७ ला टोकियोत असाच प्रसंग आला. कडक ऊन होतं, दुपारी एसींचा लोड झपाट्याने चढला, व्होल्टेज पडलं तरी एसी करंट ओढतच राहिले आणि सुमारे २८ लाख ग्राहक अंधारात गेले. टोकियोत एसी होते, आपल्याकडे पाणबुडी मोटरी आहेत. स्वभाव दोघांचा एकच.

म्हणजे टॅप हा काही जादूचा दिवा नाही. तो वीज तयार करत नाही, आहे ती नीट वाटतो. किती आणि कधी फिरवायचा, याला हिशेब लागतो. आणि माझा मुद्दा या हिशेबाबद्दल आहे.

कॉम्प्युटरवरचा फिडर आणि जमिनीवरचा फिडर

कुठे नवीन उपकेंद्र पाहिजे, कुठे जाड तार टाकायची, कुठे ट्रान्सफॉर्मर वाढवायचा, हे आज कोणी अंदाजाने ठरवत नाही, निदान ठरवू नये. सगळं जाळं कॉम्प्युटरवर उभं करतात. उपकेंद्र, लाईनीची लांबी, तारेची जाडी, प्रत्येक ठिकाणचा लोड आणि ट्रान्सफॉर्मरचे टॅप भरतात. मग कॉम्प्युटर गणित करून सांगतो की कुठे किती व्होल्टेज राहील, कुठून किती करंट जाईल. याला लोड फ्लो म्हणतात. आज जगभर वापरली जाणारी याची मुख्य रीत अमेरिकेतल्या टिनी आणि हार्ट या दोन अभियंत्यांनी १९६७ मध्ये मांडली. गणित पक्कं आहे, त्यात खोट नाही.

पण गिरणीत जे दळायला टाकाल त्याचंच पीठ पडतं. ज्वारी टाकली तर गव्हाचं पीठ कसं येईल?

टॅपच्या बाबतीत इथं काय काय चुकू शकतं, ते मी त्या जाणकाराकडून समजून घेतलं. चार प्रकार सांगतो.

पहिला. ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्षात तिसऱ्या टॅपवर आहे आणि कॉम्प्युटरमध्ये सातवा भरलाय. मग पडद्यावर फिडरचं व्होल्टेज झकास दिसणार. तुम्ही तक्रार घेऊन गेलात की उत्तर येणार, "आमच्या हिशेबात तर बरोबर आहे." खोटं कोणीच बोलत नाही, आणि मोटर मात्र जळत राहते. नवीन कामांची यादी निघेल त्यात तुमच्या फिडरचं नावही येणार नाही, कारण कागदावर तो निरोगी आहे.

दुसरा. टॅपची बाजूच उलटी भरली. दहा टक्के कमीच्या जागी दहा टक्के जास्त. मघाच्याच उदाहरणात ३०,००० व्होल्ट येत असतील तर कॉम्प्युटर ११,१०० ऐवजी ९,१०० दाखवेल. मग जिथे गरज नाही तिथे नवीन लाईनीचा प्रस्ताव तयार होईल. पैसा आपलाच. तो शेवटी दरात नाहीतर करात आपल्याच माथी येतो.

तिसरा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्युटरला दोन प्रकारे सांगता येतं. एक, "टॅप पाचवर आहे, व्होल्टेज किती येतं ते सांग." दुसरं, "व्होल्टेज ११ हजार ठेव, त्यासाठी टॅप किती लागेल ते तूच शोध." दुसरी रीत ज्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप आपोआप फिरतो त्याच्यासाठी आहे. ती जर बंद करून हाताने फिरवायच्या ट्रान्सफॉर्मरला लावली, तर कॉम्प्युटर सकाळी टॅप सहावर नेतो, दुपारी तीनवर आणतो, रात्री पुन्हा हलवतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे. इकडे उपकेंद्रातला टॅप गेल्या कित्येक वर्षांत जागचा हललेला नाही. कागदावरचा टॅप दिवसातून चारदा फिरतो आणि लोखंडातला गंजून बसलेला असतो. कधी तर कॉम्प्युटर "साडेचार" असं उत्तर देतो. टॅप चार असतो नाहीतर पाच, साडेचार कुठेच नसतो. ते उत्तर चार किंवा पाच धरून गणित पुन्हा करावं लागतं.

चौथा. एका उपकेंद्रात दोन ट्रान्सफॉर्मर जोडीने चालतात आणि दोघांचे टॅप वेगळे असतात. मग त्यांच्यातच करंट फिरत राहतो. एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे रेटतो. घाम दोघांना येतो, गाडी तिथेच. हिशेबात दोघांचा टॅप सारखा भरला असेल तर हे नुकसान पडद्यावर दिसतच नाही.

या चारही चुका टाळायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही, कोट्यवधीचं सॉफ्टवेअर लागत नाही. एका माणसाने उपकेंद्रात जाऊन टॅपचा काटा कितीवर आहे ते पाहायचं, ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरचा तक्ता पाहायचा, तारीख टाकून वहीत लिहायचं आणि तोच आकडा हिशेबात भरायचा. बस एवढंच.

हे आताच का बोलतोय?

कारण जाळं बदलतंय, आणि फार झपाट्याने बदलतंय.

राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची, ही कल्पना. मी या योजनेच्या बाजूचा आहे. रात्री दोन वाजता साप-विंचवाच्या भीतीत, कडाक्याच्या थंडीत दांड फोडायला जाणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दिवसाची वीज ही मेहरबानी नाही, तो शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

पण सौर आल्यावर टॅपचं गणित उलटं होतं. आतापर्यंत वीज फक्त वरून खाली येत होती. आता भर दुपारी ती उपकेंद्राजवळूनच सुरू होते. ऊन कडक, शेतात ओलित नाही, अशा दिवशी व्होल्टेज चढतं. ढग आला की खाली येतं. रात्री सौर शून्य. पावसाळ्यात मोटरी बंद पण सूर्य मधूनच डोकावतो. म्हणजे रब्बीच्या रात्रीच्या लो व्होल्टेजसाठी लावून ठेवलेला टॅप उन्हाळ्याच्या दुपारी चुकीचा ठरू शकतो. एकच टॅप बारा महिने कसा चालेल? शेतीत आपण एकच वाण खरीप-रब्बीला पेरतो का?

म्हणून हिशेब एकदा करून भागणार नाही. निदान चार वेळचा पाहिजे: रब्बीतली रात्र, रब्बीतली दुपार, उन्हाळ्यातली दुपार आणि पावसाळ्यातली मध्यरात्र. चारही वेळा व्होल्टेज मर्यादेत राहील असा टॅप निघाला तर उत्तम. नाही निघाला तर तिथे आपोआप फिरणारा टॅप पाहिजे, कॅपॅसिटर पाहिजेत किंवा नवीन लाईनच पाहिजे. मग पैसा मागायला खरं कारण मिळतं.

आपली बाजू पण पाहू

आता थोडं कडू बोलतो, रागावू नका.

कॉम्प्युटरमध्ये टॅप खोटा भरला जाऊ शकतो, तसाच लोडही खोटा भरला जातो आणि तो खोटा आकडा आपण देतो. मंजुरी पाच एचपीची, मोटर साडेसातची. पाणी खाली गेलं म्हणून मोटर वाढवली हे खरंय, मजबुरी होती हेही खरंय. पण डीपीच्या हिशेबात ती पाचचीच राहते. आकडा टाकून चालणारी मोटर तर हिशेबात कुठेच नसते. मीटर नाही तिथे वापर अंदाजाने लिहिला जातो. राज्यात कृषी पंपांचा वापर नेमका किती, हा वाद नियामक आयोगापुढे किती वर्षं गाजला ते वीज विषयात लक्ष घालणाऱ्यांना माहीत आहे. ज्या हिशेबात दोन्हीकडून खोटे आकडे, त्याचं उत्तर कोणाच्या कामाचं?

दुसरं ऑटोचं. लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून आपण स्टार्टरला ऑटो लावतो. माणूस घरी झोपलेला, मोटर आपली आपण चालू. सोय मोठी आहे. पण अख्ख्या फिडरवरच्या मोटरी एकाच सेकंदाला उठतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा पाच-सहा पट करंट ओढते. त्या झटक्यात कोणता टॅप पुरणार? मग फ्यूज उडतो, डीपी बसते आणि मग आपण वर्गणी काढून ट्रॅक्टर पाठवतो.

तिसरं कॅपॅसिटर. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर नीट लावला तर मोटरीला लागणारा वायफळ करंट लाईनवरून आणावा लागत नाही. लाईनवरचा भार उतरतो, व्होल्टेज सुधारतं. "ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा" हे महावितरण वर्षानुवर्षे सांगतंय. त्यांचं हे म्हणणं बरोबर आहे आणि आपण ते ऐकलेलं नाही. एका डीपीवरच्या एकाने लावून फायदा दिसत नाही म्हणून दुसरा लावत नाही. सगळ्यांनी मिळून लावला तरच दिसतो. गावाच्या बांधावरचं पाणी जसं सगळ्यांनी मिळून अडवावं लागतं, तसंच हे आहे.

पण म्हणून दोष सगळा शेतकऱ्याचा, असं म्हणून हात झटकायचे नाहीत. शेतकऱ्याने काढलेला ऑटो सगळ्यांना दिसतो. उपकेंद्रातला टॅप कोणाला दिसत नाही. जे दिसत नाही त्याची जबाबदारी ज्याच्या हातात किल्ली त्याची.

मागणी काय असावी?

आपल्या निवेदनांचा एक दोष आहे. "वीजपुरवठा सुरळीत करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." हे वाक्य मी स्वतः बातमीत शेकडो वेळा छापलंय. सुरळीत म्हणजे काय? ज्या मागणीला आकडा नाही, तिला उत्तरही "कार्यवाही सुरू आहे" असंच मिळतं. आकडा मागा, मग पुढचा माणूस आकड्यात बोलतो.

माझ्या मते मागण्या अशा पाहिजेत:

१. आपल्या परिसराला वीज देणाऱ्या प्रत्येक उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप आज कितीवर आहे, शेवटचा कधी बदलला, हे उपकेंद्राच्या फलकावर तारखेसह लिहावं.

२. फिडर निघतो तिथलं आणि फिडरच्या शेपटाच्या डीपीवरचं व्होल्टेज, रब्बीत आठवड्यातून निदान एकदा, दोन्ही एकाच वेळी मोजावं.

३. मोजलेलं व्होल्टेज आणि कॉम्प्युटरवरच्या हिशेबातलं व्होल्टेज शेजारी शेजारी ठेवावं. दोन्हींत फरक मोठा असेल तर आधी हिशेब दुरुस्त करावा, मग कामांची यादी काढावी.

४. सौर प्रकल्प ज्या उपकेंद्राला जोडतील तिथे टॅप नव्याने ठरवावा आणि हंगाम बदलला की तपासावा.

पहिल्या मागणीला खर्च किती? एक खडू.

कोणी म्हणेल, ही तांत्रिक गोष्ट आहे, लोकांना सांगून काय उपयोग? रेशन दुकानावर साठ्याचा फलक लागतो. तिथला तांदूळ मोजायला आपण काही अन्नतज्ज्ञ असावं लागत नाही. धरणात किती टक्के पाणी आहे हे आपण रोज पेपरात छापतो, नळगंगेचं पाणी किती हे शेंबडं पोरगं सांगतं. मग व्होल्टेज का लपून राहावं?

आणि आपल्याच राज्यात याचं उदाहरण आहे. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने लोकांच्या घरातल्या प्लगला लहान यंत्र जोडून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवायचा उपक्रम चालवला. देशभरात शेकडो ठिकाणी यंत्रं बसवली आणि नोंदी सगळ्यांना पाहता येतील अशा ठेवल्या. तिथे कोणी घोषणा दिली नाही, रस्ता अडवला नाही. नुसता आकडा समोर ठेवला. आकड्याला कोणी दमदाटी करू शकत नाही.

आपण आजपासून काय करू शकतो?

ज्यांच्या स्टार्टरवर व्होल्टमीटर आहे, त्यांनी एक वही लावा. तारीख, वेळ, मोटर बंद असताना व्होल्टेज किती, चालू असताना किती. एका फिडरवर दहा-बारा जणांनी महिनाभर लिहिलं तरी चित्र स्पष्ट होतं. मोटर बंद असतानाच व्होल्टेज कमी असेल तर आजार वर आहे, उपकेंद्राकडे किंवा लाईनवर. बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर धाडकन पडत असेल तर आधी डीपीपासून आपल्यापर्यंतची तार, जोड आणि केबल तपासा. निम्मे वाद इथेच मिटतील. मीटरचा काटा खोटा वाटला तर शेजारच्या मीटरशी ताडून पाहा. पण झाकण उघडून तारांना हात लावू नका.

तक्रार १९१२ वर नोंदवा आणि नोंदणी क्रमांक वहीत लिहा. तोंडी सांगितलेली तक्रार म्हणजे पाण्यावर मारलेली रेघ. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्याने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच दिलाय, त्यावर विद्युत लोकपाल आहे. टॅपच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. दरवाढीचा प्रस्ताव आला की नियामक आयोग हरकती मागवतो, सुनावणी घेतो. तिथे मुंबई-पुण्याचे लोक बोलतात, उद्योगवाले बोलतात. मोताळा तालुक्यातल्या शेतकऱ्याची वही तिथे पोचली पाहिजे. ग्रामसभेत ठराव घेताना "सुरळीत" शब्द खोडा आणि "टॅपची नोंद व शेपटाचं व्होल्टेज" असं लिहा.

आणि वायरमनवर राग काढू नका. शिडी चढणारा तो, शिव्या खाणारा तो, आणि टॅप बदलायचा अधिकार त्याच्याकडे नाही. तो आपल्यासारखाच शेपटाचा माणूस आहे.

शेवटी एवढंच म्हणतो. मोफत वीज मिळाली, आनंद आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल २०२४ पासून सरकारने भरायचं ठरवलं. पण बिल शून्य आलं म्हणून मोटर भरायचे पैसे शून्य होत नाहीत. हरभरा घाट्यात असताना चार दिवस पाणी चुकलं तर त्याची भरपाई कोणतीच योजना देत नाही. फुकटच्या वीजेचं व्होल्टेज विचारू नये, असा एक समज हळूहळू तयार होतोय. तो घातक आहे. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण वीज हे दान नाही. तिचे पैसे कोणीतरी भरतंच आहे, आणि तो कोणीतरी म्हणजे आपणच आहोत.

तुमच्या फिडरचं आजचं व्होल्टेज मला कळवा, गावाच्या आणि वेळेच्या नोंदीसह. महिनाभराच्या नोंदी जमल्या की मी त्या एकत्र मांडून छापतो आणि संबंधितांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. पटलं तर ही पोस्ट आपल्या ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या, डीपीवाल्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर का नाही पटलं ते लिहा. वीज खात्यातल्या मित्रांनीही बिनधास्त लिहावं, त्यांची बाजू इथेच, एवढ्याच जागेत देईन.

तोवर उपकेंद्रावरून जाणं झालं तर थांबा, नम्रपणे विचारा:

साहेब, टॅप कितीवर आहे?